खेळतो भारी, म्हणून माफ करायचं का? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एक छोटं टिपण छापलं होतं, बायकोला किंवा मैत्रिणीला मारहाण केलेले प्रोफेशनल खेळाडू थोड्या महिन्यांनी परत टीममध्ये कसे दिसायला लागतात त्यावर, आणि शेवटी विचारलं होतं की अशांना दुसरी संधी द्यावी का. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं मिळून खूप आलं, त्यातलं बरंचसं ठाणे आणि नवी मुंबईतूनच. सगळं छापणं शक्य नाही म्हणून पाच प्रश्न घेतलेत. नावं काढली आहेत आणि जिथे माणूस ओळखू येईल असं वाटलं तिथे बारीकसारीक गोष्टीही बदलल्या आहेत.

प्रश्न : मी वाशीला कॉलेजात आहे, एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग रोज फॉलो करतो. माईल्स ब्रिजेसवर केस झाली, कोर्टाने जे सांगितलं ते त्याने केलं, लीगने सस्पेंड केलं तेही भोगलं. तरी अजून लोक त्याच्या नावाने बोंब मारतात. शिक्षा झाली की विषय संपला ना? मग माणसाने काय आयुष्यभर घरी बसायचं का?

घरी बसायचं असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी वेगळ्या करू.

ब्रिजेसचं काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २०२२ मध्ये मैत्रिणीला मारहाण केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली, नोव्हेंबरमध्ये त्याने कोर्टात 'नो कॉन्टेस्ट' केलं म्हणजे गुन्हा कबूल असंही नाही म्हटलं आणि आरोप लढवलाही नाही, मग तीन वर्षं प्रोबेशन लागलं, वर्षभर दर आठवड्याला घरगुती हिंसेवरचं समुपदेशन, तेवढेच पालकत्वाचे क्लास, समाजसेवेचे तास, आणि त्या बाईच्या आसपास फिरकायचं नाही असा दहा वर्षांचा आदेश. जेल नाही. एनबीएने ३० मॅचेसची बंदी घातली पण त्यातल्या २० तो आधीच्या सीझनला खेळलाच नव्हता म्हणून वळत्या केल्या. आणि जुलै २०२४ मध्ये त्याच्या आधीच्याच, शार्लटच्या टीमने त्याला तीन वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं.

आता कोर्टाने सांगितलेलं त्याने केलं असेल तर कोर्टाचा हिशेब संपला, त्याला काम करून जगायचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. पण ७.५ कोटी डॉलर आणि पाठीवर नाव लिहिलेली जर्सी हा कुणाचा हक्क नसतो, ती टीमने स्वतःहून दिलेली गोष्ट आहे, आणि देणाऱ्याला आपण विचारू शकतो की बाबा काय बघून दिलीस? लोक बोलतायत ते त्याबद्दल बोलतायत.

आणि काय बघून देतात हे जरा मागे जाऊन बघ. रे राइस, अमेरिकन फुटबॉलमधल्या बाल्टिमोर रेव्हन्स टीमचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत लिफ्टमध्ये त्याने होणाऱ्या बायकोला एवढ्या जोरात मारलं की ती बेशुद्ध पडली. तिला ओढत बाहेर काढतानाचा व्हिडिओ तेव्हाच सगळ्यांनी बघितला होता, तरी एनएफएलने, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगने, जुलैमध्ये फक्त दोन मॅचेसची बंदी घातली. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला आणि त्याच दिवशी टीमने काढलं, लीगने बेमुदत बंदी घातली. म्हणजे मारलं होतं हे फेब्रुवारीपासून माहीत होतं, फरक पडला तो लोकांनी ठोसा बघितल्यावर. नंतर ती बेमुदत बंदी लवादाने रद्द केली, कारण एकाच गोष्टीसाठी दोनदा शिक्षा दिली होती, पण राइसला कुठल्याच टीमने परत घेतलं नाही. त्याचा आदला सीझन खराब गेला होता, हे विसरू नकोस.

आता टायरीक हिल, तोही एनएफएलचाच. कॉलेजात असताना गरोदर मैत्रिणीचा गळा दाबून मारहाण केल्याचं प्रकरण, २०१५ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कॅन्सस सिटीने उचलला. तो पळतो विजेसारखा. पुढे सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. आणि बेसबॉलमधला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, अरोल्डिस चॅपमन, त्याच्यावर २०१५ च्या शेवटी आरोप आले, एक मोठी टीम सौदा करता करता मागे हटली, मग यँकीजने त्याला स्वस्तात घेतला. गुन्हा दाखल झाला नाही पण लीगने स्वतःच्या नियमाने ३० मॅचेसची बंदी घातली, त्याच वर्षी तो शिकागो कब्जकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकला आणि वर्ष संपायच्या आत यँकीजने परत ८.६ कोटी डॉलर देऊन घेतला. एका बाईने पोलिसांना फोन केला आणि कुणीतरी ऑफिसात बसून हिशेब केला की आता हा पिचर कमी किमतीत मिळेल. हे वाचलं तेव्हा मला अक्षरशः कसंतरी झालं.

म्हणजे बघ, राइस, हिल, चॅपमन, तिघांत कोण जास्त बदलला, कुणी काय केलं सुधारायला, हे कुणीच मोजलं नाही. कोण अजून किती जोरात पळतोय, किती जोरात बॉल टाकतोय हे मोजलं. त्यामुळे मला कुणी विचारलं की खेळाडूला दुसरी संधी द्यावी का तर मी आधी विचारते की तो रिटायर व्हायच्या वयाचा असता, फॉर्म गेलेला असता, तरी दिली असती का? नसेल तर ती संधी त्याच्यासाठी नाहीच, ती टीमने स्वतःसाठी काढलेली सोय आहे.

प्रश्न : आमचं मंडळ ठाण्यात कोपरीच्या बाजूला, कबड्डीची टीम जुनी आहे. आमचा मेन रेडर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला लागलेला. गेल्या वर्षी त्याने बायकोला मारलं, तिने पोलिसात तक्रार केली, ती आता मुलीला घेऊन माहेरी डोंबिवलीला. आम्ही त्याला टीममधून काढलं. आता तो येऊन सांगतो चुकलं माझं, हरलो की डोकं फिरायचं, दारूही सोडली, परत घ्या. केस चालू आहे. पोरं म्हणतात घ्या. काही सीनियर म्हणतात बायकोला बोलावून समजूत घालू, दोघांना स्टेजवर बसवू, म्हणजे विषय मिटेल. मुलींच्या टीमच्या दोघी म्हणतात त्याला घेतलं तर आम्ही येणार नाही. सचिव म्हणून मी काय करू?

सचिव साहेब, तुम्ही त्याला काढलं होतं हेच खूप झालं, बरीच मंडळं तेवढंही करत नाहीत. तुमच्या पत्रावर मी जास्त जागा घेणार आहे कारण अमेरिकेतल्या लीगला वकील आहेत, चौकशी समित्या आहेत, तुमच्याकडे तुम्ही आणि एक ऑफिसची खोली आहे.

आधी ते सीनियर म्हणतात त्याला सरळ नाही म्हणा. बायकोला बोलावून समजूत घालायची नाही, स्टेजवर तर अजिबात बसवायचं नाही. मे २०१४ मध्ये रेव्हन्सने नेमकं हेच केलं होतं, राइसच्या शेजारी त्याच्या बायकोला, जनेला, पत्रकारांसमोर बसवलं आणि जिने मार खाल्ला तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं की त्या रात्री माझाही वाटा होता त्याचं मला वाईट वाटतं. टीमने तेच वाक्य अभिमानाने ट्विटरवर टाकलं. जगभरच्या बायकांनी ते वाचलं आणि काय समजायचं ते समजल्या. तुमच्या मंडळाच्या ऑफिसात चार काका, एक माजी नगरसेवक आणि मधे ती खुर्चीवर बसलेली, अशा बैठकीत ती हो म्हणेल, नक्कीच म्हणेल, आणि त्या हो ला काहीही अर्थ नसेल.

मग तिला विचारायचंच नाही का? विचारायचं. पण वेगळं. तुमच्यातल्या एखाद्या बाईने, तिच्या माहेरी, तो माणूस आसपास नसताना, आणि विचारायचं ते हे नाही की तू त्याला माफ केलंस का. ते तिचं तिच्यापाशी. विचारायचं की आता त्रास थांबलाय का, फोन करून धमकावतो का, मुलीचा खर्च येतो का, आणि तो परत टीममध्ये आला, बॅनरवर त्याचा फोटो लागला तर तुला काही धोका वाटतो का. ती बोलली नाही तर तिथेच थांबायचं, पुन्हा पुन्हा जायचं नाही. केस चालू आहे म्हणता तर केस मागे घे वगैरे एक शब्दही काढायचा नाही, ते मंडळाचं काम नाही आणि पुढे कोर्टात तुमच्याच अंगाशी येईल.

आता त्याचं. हरलो की डोकं फिरायचं, हे त्याचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही आणि तुम्हालाही पटू देऊ नका, कारण तुम्ही कबड्डीवाले आहात, तुम्हाला माहितीये. रेडर समोरच्या कोर्टात जातो, सात जण टपलेले असतात, ३० सेकंदात श्वास, पाय, बोनस लाइन, घड्याळ सगळं सांभाळून परत यायचं असतं. कुणी ओढलं, कुणी शिवी घातली, पंचाने चुकीचा निर्णय दिला, तरी तो पंचाला मारत नाही, कारण ग्रीन कार्ड मिळेल, यलो मिळेल तर दोन मिनिटं बाहेर, रेड मिळालं की मॅच गेली. इतका ताबा ज्याला मॅटवर ठेवता येतो त्याचा घरी जाऊनच ताबा कसा सुटतो? सुटत नाही. तिथे कार्ड दाखवणारं कुणी नाही हे त्याला माहीत असतं. आणि दारूचंही तेच, दारू सोडली हे चांगलंच झालं, पण दारू पिऊन त्याने कोचला कधी मारलं होतं का ते विचारा.

त्यामुळे तो माफी कशी मागतो ते नीट ऐका. 'जे झालं ते झालं', 'तिनेपण बोलायला नको होतं', 'घरचा मामला होता', असलं काही निघालं तर अजून काही झालेलं नाही असं समजा. मी मारलं, किती वेळा मारलं, त्याला माझ्याशिवाय कुणी जबाबदार नाही, असं स्पष्ट बोलला तर सुरुवात झाली म्हणायची. मग बघायचं की कुणी न सांगता त्याने काय केलं. समुपदेशकाकडे जातोय का, पोटगीचे पैसे तारखेला टाकतोय का, की तिला कोर्टात चकरा मारायला लावतोय. हे सगळं तोंडाने सांगायचं नाही, कागद दाखवायचा. वर्षभर तरी दिसलं पाहिजे, सीझन सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने नव्हे.

एवढं करून समजा तुम्हाला वाटलं की घ्यावं. तर माझं मत असं की खेळू द्या, पण खेळू देणं वेगळं आणि डोक्यावर घेणं वेगळं. कॅप्टन नाही. बॅनरवर फोटो नाही. आदर्श खेळाडू म्हणून शाल-श्रीफळ नाही. आणि लहान पोरापोरींना शिकवायचं काम तर अजिबात नाही, निदान केस संपेपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं. खेळ हे त्याचं काम आहे, त्याचं पोट त्यावर आहे, त्याच्या मुलीचंही आहे. पण मान हा वेगळा दिला जातो आणि तो उशिरा दिला तरी चालतो. रेव्हन्सनी राइसला डिसेंबर २०२३ मध्ये स्टेडियममध्ये बोलावून टीमचा 'लेजंड' म्हणून मान दिला, तोपर्यंत तो बरीच वर्षं तरुण खेळाडूंना जाऊन स्वतःचं उदाहरण सांगत होता की मी काय केलं आणि तुम्ही करू नका. त्यावरही लोकांचं एकमत नाहीये, पण निदान मधे वर्षं गेली होती आणि परत खेळवून पॉइंट मिळवायचा प्रश्न नव्हता.

एक गोष्ट मात्र करू नका, त्याच्या ऑफिसात पत्र देऊन नोकरी घालवायच्या मागे लागू नका. मला कळतंय की काही जणांना असं वाटत असेल. पण अमेरिकेत एनएफएलने २०१४ मध्ये नियम कडक केले, पहिल्यांदा सहा मॅचेस, दुसऱ्यांदा कायमची बंदी, तेव्हा खेळाडूंच्या बायकांमधूनच एक भीती बोलली गेली की आता कुठली बाई पोलिसांना फोन करेल, फोन केला की घराचं उत्पन्न जाणार आणि त्याचा दोष तिच्यावर येणार. आपल्याकडे तर अजूनच. नोकरी गेली की पोटगी कशातून देणार, आणि अख्खं सासर म्हणणार हिने पोराचं वाटोळं केलं. पगार चालू राहू दे आणि त्यातून पैसे तिच्याकडे जाऊ देत.

आणि त्या दोन मुली, त्यांना समजावायला जाऊ नका, आधी त्यांचं ऐका. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला त्यानंतर तुमच्याच भागात किती पोरी मैदानावर यायला लागल्या असतील. त्या बघतायत की आपलं मंडळ कुणाच्या बाजूने उभं राहतं. एक चांगला रेडर परत आला आणि दोन मुली गेल्या तर माझ्या मते मंडळाचं नुकसानच झालं. त्याची प्रॅक्टिस वेगळ्या वेळी ठेवा, निर्णय घेणाऱ्या कमिटीत त्यांच्यातली एक घ्या, आणि परत असं काही झालं तर काय होईल ते आत्ताच लिहून, त्याची सही घेऊन ठेवा.

प्रश्न : आरोप झाला की लगेच खेळाडूचं करिअर संपवायचं हे कितपत योग्य? आजकाल खोट्या तक्रारी पण भरपूर होतात. मोहम्मद शमीचंच बघा, वर्षानुवर्षं केस चालू आहे, काही सिद्ध झालं नाही. तेव्हा त्याला बाहेर ठेवलं असतं तर देशाचं केवढं नुकसान झालं असतं. – घोडबंदर रोड, ठाणे

आरोप म्हणजे गुन्हा नाही, इथे आपलं एकमत आहे. खोट्या तक्रारी होतात का, तर होतात, चोरीच्या होतात, जमिनीच्या होतात, तशा याही होतात, आणि म्हणूनच २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या निकालात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सांगितलं की ४९८-अ मध्ये, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याच्या कलमात, उठसूट अटक करायची नाही, गरज आहे का ते आधी लिहून दाखवा. पण त्याच्या दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, २०१९ ते २१ चं, त्यात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण २९ टक्के बायकांनी सांगितलंय की नवऱ्याने मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती केली. त्यातल्या कितीजणी पोलिसांत जातात? अगदी थोड्या. आपण खोट्या तक्रारींवर जेवढं बोलतो त्याच्या निम्मंही न केलेल्या तक्रारींवर बोलत नाही.

शमीबद्दल बोलताना काळजी घेऊन बोलते. मार्च २०१८ मध्ये त्याच्या बायकोने आरोप केले, कोलकात्यात गुन्हा नोंदला, शमीने पहिल्यापासून सगळं नाकारलंय, आणि तो दोषी आहे असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हणूही नये. मला बोलायचंय ते बोर्डाबद्दल. बीसीसीआयने त्याचं नाव कॉन्ट्रॅक्टच्या यादीतून थांबवलं, मग आरोपांमध्ये मॅच फिक्सिंगचाही एक मुद्दा होता म्हणून लाचलुचपतवाल्या युनिटकडून चौकशी केली, त्यात काही निघालं नाही आणि दोन आठवड्यांत त्याला बी ग्रेडचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. म्हणजे बोर्डाने चौकशी केली ती पैशाच्या आरोपाची. घरातल्या मारहाणीचा आरोप कोर्टावर सोपवला.

आणि त्याच बोर्डाने जानेवारी २०१९ मध्ये टीव्ही शोवर बायकांबद्दल घाणेरडं बोलले म्हणून हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांना चौकशी होईपर्यंत सस्पेंड करून ऑस्ट्रेलियातून घरी पाठवलं होतं. ते बरोबरच केलं. पण मग कोर्टाच्या निकालाशिवाय काही करता येत नाही हे म्हणणं टिकत नाही ना. फिक्सिंगमध्ये श्रीशांतला २०१३ मध्ये बोर्डाने आजीवन बंदी घातली, दिल्लीच्या कोर्टाने २०१५ मध्ये आरोपातून सोडलं तरी बंदी चालूच होती, शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ती सात वर्षांवर आली आणि २०२० ला संपली. खेळाला धक्का लागला की बोर्डाला कोर्टाची वाट बघावी लागत नाही.

मला जे करावंसं वाटतं ते बेसबॉलवाल्यांनी २०१५ पासून बऱ्यापैकी केलंय. खेळाडूंची युनियन आणि लीगने मिळून नियम केला, तक्रार आली की खेळाडूला थोडे दिवस पगारी रजेवर पाठवायचं, चौकशी स्वतः करायची, गुन्हा सिद्ध झाला नसला तरी कारवाई करता येते आणि खेळाडूला लवादाकडे दाद मागता येते. पगार चालू असल्यामुळे आरोप खोटा निघाला तर त्याचं कमी नुकसान होतं. टेनिसमध्ये झ्वेरेव्हवर एका जुन्या मैत्रिणीने आरोप केले तेव्हा एटीपीने, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेने, पंधरा महिने चौकशी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की कारवाई करण्याइतका पुरावा नाही. ते पटो न पटो, निदान कुणीतरी दोन्हीकडच्यांशी बोललं आणि काय निघालं ते जाहीर सांगितलं. निर्दोष खेळाडूलाही हेच हवं असतं. नाहीतर वर्षानुवर्षं नुसती कुजबुज चालू राहते, जी तुम्हाला शमीच्या बाबतीत खुपते आहे.

देशाचं नुकसान या मुद्द्यावर एकच सांगते, बॉलर दुसरा मिळतो.

प्रश्न : माझे वडील इंग्लंडचा जुना बॅट्समन जेफ्री बॉयकॉटचे फॅन, आजही त्याच्या कॉमेंट्रीच्या गोष्टी सांगतात. मला मोठं झाल्यावर कळलं की त्याला फ्रान्समध्ये मैत्रिणीला मारल्याबद्दल शिक्षा झाली होती. बाबांना सांगितलं तर म्हणतात त्याचा आणि क्रिकेटचा काय संबंध. काय सांगू? – कोपरखैरणे

बाबांकडून त्यांच्या आठवणी काढून घेऊ नकोस गं, बॅटिंग त्याने केली ती केली. १९९८ मध्ये फ्रेंच कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, दंड आणि तीन महिन्यांची स्थगित शिक्षा दिली, त्याने ते कधीच मान्य केलं नाही. पुढे तो कॉमेंट्रीला परत आला, त्यावर मी एवढी अडून बसणार नाही. पण २०१९ मध्ये त्याला 'सर' केलं. तिथे बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आवाज उठवला आणि मला तो पटतो, कारण काम करून पोट भरणं ही एक गोष्ट आणि देशाने उभं राहून मान देणं ही दुसरी. ज्याने चूक मानलीच नाही त्याला दुसरी संधी दिली असं म्हणता येत नाही, त्याच्यासाठी तर काही घडलंच नाही. बाबांना एवढंच विचार, की फिक्सिंगमध्ये शिक्षा झालेल्याला 'सर' केलं असतं तर चाललं असतं का.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. माझा नवरा टेनिस बॉल क्रिकेट खेळतो, आमच्या बाजूला सगळे ओळखतात, बाहेरच्या टीम पैसे देऊन बोलावतात, सकाळी मुलांना शिकवतो. सगळे म्हणतात किती शांत माणूस. घरी हात उचलतो. तक्रार केली तर टूर्नामेंट जातील, क्लास बंद होईल, घर त्यावरच चालतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. मला त्याला जेलमध्ये नाही टाकायचं, फक्त मारणं थांबायला पाहिजे. तुम्ही विचारलंय खेळाडूला दुसरी संधी द्यायची का. मी तर मोजणं सोडून दिलंय.

ताई, तुमचं पत्र आलं तेव्हा बाकीचे चार प्रश्न लिहून झाले होते. वर मी टीमने काय करावं, बोर्डाने काय करावं असं बरंच लिहिलंय, तुम्हाला त्याचा उपयोग नाही, म्हणून तुमच्या कामाचं तेवढंच लिहिते.

तुम्ही जे मागताय ना, जेल नको पण मार थांबला पाहिजे, त्यासाठीच वेगळा कायदा आहे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा. त्यात तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकता की याने मला मारायचं नाही, धमकवायचं नाही असा आदेश द्या. हा आदेश मिळाला म्हणून तो गुन्हेगार होत नाही, त्याचं खेळणं बंद होत नाही. आदेश मोडला तर मात्र गुन्हा, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. त्याच अर्जात घरखर्च मागता येतो, मुलांचा ताबा मागता येतो, आणि तातडीचं असेल तर त्याला न ऐकताही कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं. मारणं म्हणजे फक्त हात उचलणं नाही, पैसे अडवणं, सतत अपमान करणं हेही त्यात येतं.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला बाहेर काढता येईल असं कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. तुम्ही नवऱ्याबरोबर ज्या घरात संसार केला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

वकिलाचे पैसे कुठून आणू हा प्रश्न असेल तर, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ठाण्याला कोर्ट नाक्याजवळ जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. अर्ज लिहायला संरक्षण अधिकारी मदत करतात, ते महिला व बालविकास विभागाचे असतात, त्यांच्यापर्यंत पोचायला १८१ वर फोन केला तरी चालतो. पोलीस स्टेशनच्या आवारात बऱ्याच ठिकाणी महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष असतो, तिथल्या ताया पोलीस नसतात, त्या आधी ऐकून घेतात. आत्ता या क्षणी मारत असेल तर मात्र ११२, बाकी काही विचार नको. आणि उद्या तुम्हाला वाटलं की नाही, आता गुन्हाच नोंदवायचा, तर तोही रस्ता उघडा आहे, पूर्वीचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय.

लागलं असेल तर डॉक्टरकडे पडले म्हणून सांगू नका. खरं सांगा आणि कागद घ्या. तो कागद, आधार कार्ड, मुलांचे दाखले, लग्नाचे काही पुरावे, यांचे फोटो काढून बहिणीला किंवा ज्या मैत्रिणीवर भरवसा आहे तिला पाठवून ठेवा आणि स्वतःच्या फोनमधून डिलीट करा. शेजारच्या एकीला तरी सांगून ठेवा.

टूर्नामेंट जातील याची काळजी तुम्हाला वाटतेय ते मी समजू शकते, घर चालवायचंय. पण त्याच्या टूर्नामेंट गेल्या तर त्या त्याने हात उचलल्यामुळे जातील, तुम्ही सांगितल्यामुळे नाही, कुणी काही म्हणो. आणि त्याला अजून एक संधी द्यायची असं तुम्ही ठरवलंत तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. फक्त आदेश हातात आल्यावर ठरवा, त्याआधी नको.

तुम्ही पत्रात जो नंबर दिलाय त्यावर आम्ही फोन करणार नाही, घरात तो कुणाच्याही हातात जाऊ शकतो. मुलं शाळेत असतील तेव्हा, जमल्यास दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, अंकावर छापलेल्या ऑफिसच्या नंबरला लावा आणि फक्त ऐरोलीहून बोलतेय एवढंच सांगा. फोन माझ्याकडे देतील. विधी सेवाच्या ऑफिसात पहिल्यांदा जाताना सोबत कुणी हवं असेल तर तेही सांगा, मी येईन.